मागून उमटणारी अक्षरं

८ नोव्हें. ९८, रविवार. अंबरनाथ.

कविता क. १९ झाली. सकाळी नऊला बसलो, अकराला उठलो. बारा ओळींना दोन तास. माझा मराठीचा वेग मिनिटाला चाळीस, परीक्षेचा दाखला अजून कपाटात आहे, पण मशिनला त्याचं काय. मी ओळ संपवून हात मांडीवर ठेवतो आणि मग ती ओळ उमटायला लागते. एकेक अक्षर. वाटेत कुणाशी बोलत, थांबत, घरी येणाऱ्या माणसासारखी.

मास्तर शेजारी स्टुलावर, नाक काचेला टेकेल इतके पुढं. उमटेल तसं पुटपुटतात. आज 'किनारा' लिहिताना वेलांटी आधी येऊन उभी राहिली, तिच्याखाली कोणीच नाही. (टाइपरायटरची जुनी रीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. या कॉम्प्युटरवरही तोच कीबोर्ड घेतलाय, दुसरा मला जमणार नाही.) बराच वेळ ती तशीच ताटकळली. मास्तर म्हणाले, "छत्री आली. माणूस यायचाय अजून." मग 'क' आला आणि छत्रीखाली उभा राहिला.

सूनबाई चहा घेऊन आली. "कविता टाइप करताय की पाहुणे मोजताय?"

अठ्ठावन्नातल्या एकोणीस. मास्तरांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ४ जाने. त्यांना त्याआधी आपल्या सगळ्या कविता एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघायच्यात. दिवस पुष्कळ आहेत असं वाटतं. सकाळच्या उन्हात बसलं की सगळंच पुष्कळ आहे असं वाटतं.

११ नोव्हें., बुध.

बदलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मास्तरांनी आज मला पहिल्यांदा नीट सांगितलं. दीड महिन्यानं. काचबिंदू. डावा डोळा गेलाच. उजव्यात मधोमध बांगडीएवढं उरलंय, कडेनं सगळं धुकं. मुंबईला ऑपरेशन करायचं ते उरलेलं टिकावं म्हणून. गेलेलं परत येत नाही. आणि कधी कधी ऑपरेशनात उरलेलंही. डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही म्हणे. मास्तरांनीही केलं नाही.

"नाहीच केलं तर?" मी विचारलं.

"तर वर्षभरात आपोआप. घाई नाही त्याला."

पुस्तक, वर्तमानपत्र आता वाचता येत नाही त्यांना. ओळ धरतात आणि सुटते, मग बोटानं चाचपतात. मशिनवर मात्र वाचता येतं. अक्षरांमागून उजेड येतो म्हणून असेल. शिवाय मी अक्षर बोराएवढं करतो.

वाचून दाखवतो असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. "नको नाना. ऐकून चूक कळत नाही. सगळं पाठ आहे ना, तुम्ही वाचता आणि मी मनातलंच ऐकतो. पोराचं पाठांतर आईनं घेण्यासारखं. समोर आलं पाहिजे."

सोनवणे मास्तर. आमच्या शिरीषचे चौथीचे. तेव्हा बारवीकडच्या एका पाड्यावरून बदलून आले होते. कविता लिहितात हे मला तीस वर्षं कळलं नाही. तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या पाठी, त्यावर पेन्सिल. काही ठिकाणी पलीकडचे मार्कच कवितेपेक्षा ठळक.

१३ नोव्हें., शुक्र.

शुक्रवार, म्हणून लाईट नाही. मशिनवर टॉवेल टाकला. वाचनालयाच्या बाकावर मास्तर आणि मी. नेहमीचा खेळ: एकानं शाळेतल्या कवितेची पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्यानं कडवं पुरं करायचं. मी इयत्ता दुसरी सोडत नाही. ते सातवीपर्यंत जातात.

आज एक अशी ओळ त्यांनी टाकली की पुढचं काही आठवेना, पण वर्ग आठवला. कौलांतून पडलेला उन्हाचा गोल, त्यात फिरणारी धूळ, आणि आम्ही सगळे एका सुरात डोलतोय. शब्द गेले, डोलणं राहिलं. मी बाकावर डोलत होतो म्हणे. मास्तर म्हणाले, "हरलात. पण चाल बरोबर होती."

ती कविता म्हणणारा चाळीस जणांचा वर्ग आता कुठे कुठे असेल. अर्धे तर

१७ नोव्हें., मंगळ.

क. २३. शेवटच्या कडव्याला मशिन गोठलं. बाण हलेना. आतून करकर, करकर, दाराची कडी कोणी बाहेरून काढतंय पण निघत नाही, तसं. शेवटी बटण बंद. चालू करून फाईल उघडेपर्यंत माझी आंघोळ झाली. कडवं गेलं. परत टंकलं.

मास्तरांचा डोळा अर्ध्या तासात पाणावतो. त्यातली वीस मिनिटं मशिन उघडण्यात गेली तर त्यांनी बघायचं काय? शांतपणे बसून होते. मला राग आला तो त्यांच्या शांतपणाचा.

शिरीषला म्हटलं, तुझ्या ऑफिसनं टाकून दिलेलं मशिन दिलंस ते दिलंस, आता काय करू. तो म्हणाला, "बाबा, मेमरी कमी आहे. रॅम वाढवा, पळेल." त्याच्याच ऑफिसातला कोणी म्हणतो, काही फरक पडत नसतो, बैल म्हातारा तो म्हातारा.

मी मास्तरांना सांगितलं, मशिनमध्ये राम राहिला नाही, तो वाढवायचाय. ते म्हणाले, "आमच्या कवितांसाठी तुम्ही राम वाढवणार. बुवापाड्यात कळलं तर मला वस्तीत घेतील का?" मग थोड्या वेळानं, "आणि मेमरीनं पळता आलं असतं तर मी केव्हाच धावलो असतो. मला पहिलीच्या पहिल्या वर्गाची हजेरी अजून पाठ आहे."

२१ नोव्हें., शनि.

उल्हासनगर, कॅम्प २. एका बाजूला कापड, एका बाजूला कापड, मधे जिना, वर गोपभाईंचं दुकान. जुन्या मशिनींची हाडं भिंतीला टांगलेली. गोपभाई माझ्याच वयाचे. हिशेबाची वही सिंधीत लिहितात, उजवीकडून डावीकडे. मी बघत राहिलो. ओळ आपल्या उलट दिशेनं घरी जाते.

विचारलं, सरळ सांगा, जुन्या मशिनला मेमरी घातली तर ते वेगानं चालतं का?

"साईं, नीचे कपडे की दुकान देखी ना? गादी छोटी है. दो साड़ी खोली, जगह खतम. तीसरी दिखानी है तो पहली घड़ी करो, माळे पे चढ़ो, दूसरी लाओ. पूरा दिन चढ़-उतर. वो करकर आवाज वही है, सीढ़ी चढ़ने की. गादी बड़ी करो, दस साड़ी सामने रहेगी. सेठ वही बुड्ढा, पर चढ़ना नहीं."

म्हणजे म्हातारा तरुण होत नाही, त्याचे जिने वाचतात. हे मला पटलं. मलाही जिने नकोसे झालेत.

मग म्हणाले, फाईल केवढी आहे? सांगितलं, एकच, सगळ्या कविता एकीतच, अक्षरं मोठी, आणि मागं माझी जुनी उतारेवहीही तीतच. हसले. "सब एक में? टुकड़े करो ना. आधा काम बिना खर्चे के."

ते मात्र जमायचं नाही. वही संपेपर्यंत नवी करायची नाही, पान फाडायचं नाही, फाडलं की पाठचं पान आपोआप सुटतं, हे आम्हाला पहिलीत हातावर छडीनं शिकवलंय. गोपभाईंना हे हिंदीत सांगता येईना. म्हटलं, "हमारे में वही नहीं तोडते."

त्यांनी मान डोलावली. "तो गादी बड़ी करो."

करंगळीएवढी हिरवी पट्टी. रुमालात बांधून घेतली. रिक्षात सारखा खिसा चाचपत होतो.

२२ नोव्हें., रवि.

शिरीषनं झाकण उघडून पट्टी बसवली. कट्ट आवाज आला.

चालतं. लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही. फाईल उघडली तेव्हा चहा गरम होता. करकर नाही. बोट उचलायच्या आत अक्षर हजर. पहिली ओळ टंकताना दचकलो, अंगावर धावून आल्यासारखी आली. एका तासात तीन कविता. आज माझे हात पुन्हा पन्नाशीत गेले, काडेपेटीच्या कारखान्यातलं ते लांब टेबल, खिडकीतून येणारा गंधकाचा वास, आणि साहेब म्हणतायत, आठवल्यांचं टाइपरायटर आहे की शिलाई मशिन.

मास्तर आज नव्हते. बुवापाड्यात लग्न. त्यांना बघायला आता भरपूर मिळेल.

२५ नोव्हें., बुध.

मास्तर आले. मी काही बोललो नाही, म्हटलं बघू दे. क. २७ धडाधड टंकली, त्यांचं पुटपुटणं सुरू व्हायची वाट बघितली. झालं नाही.

"लावा की नाना."

"लावलंय. समोर आहे."

ते पुढं झाले. मान डावीकडे, उजवीकडे. बोट काचेवर ठेवलं, बोटाखालचं अक्षर धरलं, पुढचं सुटलं. तीन वेळा. मग चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

चहा घेतला. लग्नाचं बोललो. नवरामुलगा त्यांचाच विद्यार्थी, पाढे कधी आले नाहीत, आता गाळ्याचा मालक.

२८ नोव्हें., शनि.

अक्षर आणखी मोठं केलं. पडदे ओढले. पडदे उघडले. स्टूल जवळ, स्टूल लांब. काळ्यावर पांढरं केलं, फळ्यासारखं.

मास्तर म्हणाले, "पुरे. डोळा उतरला. गेल्या आठवड्यात दिसत होतं, या आठवड्यात नाही. इतकं सरळ गणित आहे." आवाजात काही नव्हतं, पेपर तपासून मार्क सांगावेत तसं. मग, "तुम्ही तुमच्या मनानं करून टाका पुस्तक. चुकलं तर तुमच्या नावावर घालू."

दारापर्यंत सोडायला गेलो. पायरी त्यांना बरोबर सापडली, मला नाही.

३० नोव्हें., सोम.

कमलवहिनी आल्या होत्या, मास्तरांच्या. एकट्या. भाजीची पिशवी मांडीवर धरून बसल्या. म्हणाल्या, "भावजी, काय झालं इथं? आल्यापासून बोलत नाहीत. ऑपरेशनला जात नाही म्हणतात. मी म्हटलं, बघायचं नाही का पुस्तक? तर म्हणतात, बघायचं होतं ते संपलं, आता कशाला कापून घेऊ."

 वहिनी उठताना म्हणाल्या, "एवढी वर्षं त्या कागदांवरून भांडले मी. घरात जागा नाही आणि हे गठ्ठे. आता ते जिथं असायचे तिथं माझाच हात जातो."

२ डिसें., बुध.

सगळं टंकून झालं. अठ्ठावन्न. गेल्या चार दिवसांत एवढं काम केलं जेवढं सप्टेंबरपासून झालं नव्हतं. छापून काढलं. सूनबाईनं दोऱ्यानं शिवलं, वर पुठ्ठा.

मास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी पानांवरून हात फिरवला. म्हणाले, "कागद चांगला आहे."

नऊ ठिकाणी मी अंदाजानं शब्द घातलेत. पेन्सिल पुसट, पेपर घडीवर झिजलेला. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "घातले ते ठीकच असतील." चाळीस वर्षं पोरांच्या काना-मात्रा तांबड्या शाईनं सुधारणारा माणूस.

परत येताना वालधुनीच्या पुलावर थांबलो. पाण्याला रंग होता, रोज वेगळा असतो, आज जांभळा. मनात आलं, मशिनचे जिने वाचवले, मास्तर मात्र खालीच राहिले.

५ डिसें., शनि.

ताप. १०१. सूनबाईनं दोन पांघरुणं घातली. उद्या सहा तारीख, मास्तर दादरला चैत्यभूमीवर जातात, दरवर्षी. या वर्षी वहिनींचा हात धरून. निरोप पाठवला, सोमवारी भेटायला येतो म्हणाले.

८ डिसें., मंगळ.

कालचं आज लिहितो. काल उठवत नव्हतं.

मास्तर आले, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. मी आतल्या खोलीत पडून. आधी दादरची गर्दी सांगितली, रांग, पायाला लागलेली ठेच. मग बाहेर जाऊन बसले असतील. ग्लानीत होतो. उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून सरकत होता आणि मी चौथीत होतो, की मास्तर चौथीत होते, असं काहीसं.

बाहेरून सूनबाईचा, सुवर्णाचा आवाज, "मास्तर, एक तुमच्या मनाची ओळ सांगा ना, मला पण शिकायचंय टाइप. बाबा हात लावू देत नाहीत."

मास्तरांनी ओळ सांगितली. टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

"'द' कुठे गेला? इथंच होता काल. सापडला."

टक्.

"मास्तर, रागावू नका हं, एकेका अक्षराला मिनिट लागतं मला."

"लागू दे गं. तू शोध."

टक्. आणि मग मला मास्तरांचं पुटपुटणं ऐकू आलं. मी आधी समजलो, तापात ऐकतोय. "न... दी... च्या... थांब. छत्री आली. माणूस कुठाय?"

"कसली छत्री?"

"वेलांटी गं. हा, आला. पि. पि... व... तू 'पिवळ्या'ला दीर्घ केलास आधी, आता खोडलंस. दिसलं मला."

मी पांघरुणासकट उठून बाहेर गेलो. सुवर्णा घाबरली. मास्तर काचेला नाक लावून. डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते अर्ध्या तासाचं नेहमीचं.

"नाना," ते वळले नाहीत, "डोळा गेला नाही. तुम्ही गेला होतात. पुढं निघून."

९ डिसें., बुध.

ताप उतरला. सकाळभर विचार केला, आता सगळं इतकं सरळ दिसतं की लाज वाटते. मास्तरांना बांगडीएवढं दिसतं. एक अक्षर आलं की त्या बांगडीत बसतं. दुसरं त्याला चिकटून येतं, नजर बोटभर सरकते, पुन्हा बसतं. आधी मशिन मंद होतं म्हणून त्यांना हाताला धरून नेत होतं. आम्ही समजलो उजेडानं दिसतं. मी मेमरी घातली आणि अख्खी ओळ एकदम त्यांच्यासमोर टाकली, धुक्यात फेकल्यासारखी.

त्यांना हे सांगितलं. म्हणाले, "मग वर्गात काय होतं? छापील तक्ता टांगला की पोरं खिडकीबाहेर. फळ्यावर खडूनं लिहायला लागलो की अक्षरागणिक सगळे डोळे खडूमागे. हे मला समजायला हवं होतं. माझाच धंदा."

ऑपरेशनला जातो म्हणाले.

१० डिसें., गुरु.

मला सावकाश टंकता येत नाही.

हे कोणाला सांगितलं तर हसतील. मन म्हणतं 'क', बोटं 'कडेला' लिहून मोकळी. चाळीस वर्षांची सवय. उताराला लागलेली गाडी. डावा हात मांडीखाली दाबून बसलो, तर उजवा एकटाच धावतो.

मास्तर: "परत पुढं गेलात. मागं या."

सूनबाई: "बाबा, ती पट्टी काढून टाकू या ना. होतं तसं होईल."

मास्तरांनी हात वर केला. "नको बाई. घातलेला राम काढला, आणि तोही सोनवण्यानं काढायला लावला, असं व्हायला नको. दिवस बरे नाहीत." आम्ही तिघं बराच वेळ हसत होतो. खरं कारण त्यांनी मग सांगितलं: मशिन परत गोठलं आणि सगळंच गेलं तर? आता वही पुरी झालीय. ती जपा. मंद व्हायचं ते माणसानं व्हावं.

रीत अशी ठरली. टंकलेल्या कवितेच्या खाली तीच पुन्हा टंकायची, त्यांच्यासाठी. प्रत्येक अक्षर मारण्याआधी मी ते तोंडानं म्हणायचं. तोंड बोटांपेक्षा हळू आहे. क. काना. ग. द. पहिलीच्या वर्गासारखं. आज एक झाली.

१२ डिसें., शनि.

बदलापूरच्या डॉक्टरांकडून निरोप. मुंबईचे मोठे डॉक्टर जानेवारीत परगावी जाणार, तारीख अलीकडे आली. २२ डिसें.

काल शुक्रवार गेला. पुढचा शुक्रवार जाणार. बत्तीस कविता बघायच्या उरल्या. दिवसाला दोन, फार तर तीन, डोळा तेवढाच टिकतो. बोटांवर मोजलं, पाटीवर मोजलं. बसत नाही.

मास्तरांना म्हटलं, तुम्ही निवडा. मला वाटलं उत्तम असतील त्या निवडतील. म्हणाले, "बऱ्या आहेत त्यांना कशाला बघू. जिथं तुम्ही अंदाज केलात त्या आधी. पास होणाऱ्या पोराला शिकवणी लागत नाही."

१५ डिसें., मंगळ.

क. ३४. 'आमच्या नळाला रानाचा वास.' बारवीचं धरण भरलं तेव्हाची. मी 'रानाचा' अंदाजानं घातला होता. मास्तरांनी अक्षर अक्षर घेतलं, र, काना, न, काना, च, काना, आणि थांबले. "मी 'घराचा' लिहिलं होतं. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांच्या पोरांना मी शिकवत होतो." मग बराच वेळ बघत राहिले. "तुमचं राहू द्या. वासाला घर-रान कळत नाही." पुन्हा थोड्या वेळानं, "नाही. घराचाच करा."

केला.

टंकताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणतो, तेव्हा कविता मला नवीन वाटते. मी त्या चार दिवसांत या टंकल्या होत्या आणि एकही वाचली नव्हती. हे आज कळलं.

१९ डिसें., शनि.

थंडी. मास्तर मफलर गुंडाळून. तीन झाल्या. मधे डोळा मिटून बसतात, मी गप्प बसतो, आणि घरात इतकं शांत होतं की भांड्यावर ठेवलेलं झाकण आपोआप बसल्याचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी वाटतं की दुपार एखाद्या जुन्या कवितेतली आहे, आणि आम्ही तिच्यातले कोणी तरी, ज्यांची नावं कवीनं सांगितली नाहीत.

मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं, "नाना, अंधार झाला तर तुम्ही काय टंकाल माझ्यासाठी?"

"म्हणजे?"

"काही नाही. लावा पुढची."

२१ डिसें., सोम.

शेवटचा दिवस. तीन झाल्या. नऊ अंदाजांपैकी आठ बघून झाले, त्यातले पाच चुकीचे होते. तेरा कविता न बघितलेल्या राहिल्या, त्यातल्या एकीत नववा अंदाज, माझ्या यादीतून निसटलेला. मी म्हटलं, अजून एक घेऊ, सूर्य आहे. ते म्हणाले, "नको. डोळा दमला. उद्या त्याचा पेपर आहे."

"त्या तेरा?"

"बघू."

निघताना त्यांनी माझा चेहरा बघितला. म्हणजे कपाळ, मग डावा डोळा, मग नाक, मग मिशी. एकेक. घाई केली नाही. मीही हललो नाही.

२३ डिसें., बुध.

काल झालं. कमलवहिनींनी शेजारच्या फोनवरून कळवलं. डॉक्टर 'नीट झालं' म्हणाले, पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही असंही म्हणाले. दोन्ही एकाच दमात.

२७ डिसें., रवि.

मुंबईला जाऊन आलो, सूनबाई बरोबर. मास्तर खाटेवर बसलेले, उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा उघडा आणि रिकामा. पावलांवरून ओळखलं. "आठवले. आणि मागून छत्री."

सुवर्णा हसली आणि लगेच बाहेर पाणी आणायला गेली.

मी त्या नवव्या अंदाजाचं काढलं. क. ५२. म्हटलं, तुमची ओळ अशी आहे, 'पाटी पुसली तरी थोडी', आणि पुढचा शब्द झिजलाय. मी 'ओल' टंकलंय. पाटी पुसली तरी थोडी ओल राहते. पण भिंग लावलं तर 'ओळ'ही वाटतं. थोडी ओळ राहते. कुठलं?

ते पुटपुटले. एकदा 'ओल' म्हणाले. एकदा 'ओळ'. पुन्हा 'ओल'. ओठ तसेच हलत राहिले. मग म्हणाले, "तोंडात दोन्ही बसतंय नाना. पाठ होतं असं वाटत होतं. समोर आलं की सांगतो."

"तोंडानं सांगा की. मी दुरुस्त करतो."

"समोर आलं की."

३० डिसें., बुध.

आज मशिन लावलं. फाईल लगेच उघडली. क. ५२ पर्यंत गेलो, 'ओल'मधला 'ल' खोडला. 'ळ' मारणार होतो, तोही मारला नाही. 'ओ' तेवढा ठेवला, पुढं एका अक्षराची जागा.

सुवर्णानं मागून बघितलं. "चुकलंय का बाबा?"

"अजून नाही."

पट्टी उद्या सुटणार. ते घरी येतील तेव्हा त्याच ओळीपासून सुरू करायचं, अगदी सावकाश, तोंडानं म्हणत. प. काना. ट. दीर्घ वेलांटी. आज दुपारी मशिन बंद ठेवून नुसत्या कीबोर्डवर सराव केला. बोटं अजूनही एक अक्षर पुढं जातात.